घरच्या ज्येष्ठाचे लिव्हिंग विल: गोव्यात करायचे कसे?

सासूचे औषधपाणी, पेन्शन, बँक सगळे सून बघते. पण आयसीयूत ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ हा प्रश्न आला की फोन जातो दुबईतल्या मुलाला. देखभाल करणाऱ्यालाच तिथे बोलायचा अधिकार लेखी देता येतो. हा कागद म्हणजे लिव्हिंग विल, अर्थात आगाऊ वैद्यकीय निर्देश. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी पर्वरीला स्वतःचे निर्देश नोंदवून सुरुवात करून दिली.

पात्रता: व्यक्ती सज्ञान हवी, मन शाबूत हवे, निर्णय तिचा स्वतःचा हवा. घोडे अडते ते ‘मन शाबूत’पाशी. स्मृतिभ्रंश बळावल्यावर तिच्या वतीने घरच्यांना हा कागद करता येत नाही. विसरभोळेपणा नुकताच सुरू झाला असेल तर सहीच्याच दिवशी डॉक्टरकडून ‘यांना समजते, निर्णय घेता येतो’ असा दाखला घ्या. तो सक्तीचा नाही, पण उद्या भावंडांत वाद झाला तर कामाला येतो. मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचे मन शाबूत राहिले नाही की मुखत्यारी संपते, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी.

मजकुरात कोणते उपचार नकोत आणि कोणत्या अवस्थेत नकोत, हे नाव घेऊन लिहा: व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणे, डायलिसिस, नाकातल्या नळीने अन्न. ‘मला उगाच त्रास देऊ नका’ एवढ्यावर भागत नाही. मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ तो अमलात आणत नाही. ‘इंजेक्शन देऊन सोडवा’ हे तर लिहूच नका, ते बेकायदा आहे. वेदना कमी करणारे उपचार चालू ठेवावेत, हे आवर्जून लिहा. शेवटी पालक म्हणून, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्यांची, एक किंवा अधिक नावे घाला. त्यात रोज घरात असणारी व्यक्ती हवीच, परदेशातला थोरला एकटा नको.

सही दोन साक्षीदारांसमोर होते. ते शक्यतो त्रयस्थ असावेत. पालक म्हणून नेमलेल्या सुनेलाच साक्षीदार करू नका. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन. विल म्हटले की आपल्याकडे लोक सब-रजिस्ट्रारची वाट धरतात. तिथे मालमत्तेचे मृत्युपत्र होते, हे नव्हे. जाताना सगळ्यांची आधार कार्डे न्या, मूळ आणि झेरॉक्स. आजीला जिना चढवत नसेल तर नोटरीलाच घरी बोलवा.

त्यानंतर प्रती वाटायच्या: पालकाला एक, फॅमिली डॉक्टरला एक आणि पंचायत किंवा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे एक. तिसरी प्रत बरेच जण देतच नाहीत. कागद खरा आहे की नाही, हे हॉस्पिटल त्याच अधिकाऱ्याकडून पडताळू शकते. त्यामुळे आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कागद लागू होतो तो आजार बरा होण्याची आशा उरली नाही आणि रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नाही तेव्हाच. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ मत देते, मग तीन डॉक्टरांचे दुसरे मंडळ; त्यात एक मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला. प्रत्येकी साधारण ४८ तास धरा. पालकाची संमती लागतेच. दंडाधिकाऱ्यांना हॉस्पिटल फक्त कळवते, परवानगी मागत नाही. दुसऱ्या मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते.

मत बदलले तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात. म्हणून जुन्याच्या सगळ्या प्रती परत घ्या. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये नको. रात्री दोन वाजता १०८ येते तेव्हा हाती लागते ती कपाटावरची हॉस्पिटलची फाइल. मूळ प्रत त्या फाइलमध्येच ठेवा.