कल जुळला की शाखा आवडते?

दुसऱ्या महायुद्धात जॉन हॉलंड, पुढे मानसशास्त्रज्ञ झालेले, अमेरिकी सैन्यात भरतीच्या मुलाखती घेत. येणाऱ्या प्रत्येकाचा आधीचा कामधंदा ऐकता ऐकता त्यांना वाटू लागलं, की माणसं दिसतात तितकी तऱ्हेतऱ्हेची नसतात, मोजक्या गटांत बसतात. पुढे डॉक्टरेट झाल्यावर, १९५९ मध्ये, त्यांनी हा विचार सिद्धांत म्हणून मांडला. कोणाला कोणतं काम किंवा शाखा आवडेल हे शोधणाऱ्या आजच्या बऱ्याच कल चाचण्यांचं मूळ इथे आहे.

पाया आधीच घातलेला होता. बॉस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. आधी स्वतःला ओळखा, मग कामं ओळखा आणि दोन्हींची सांगड घाला, असा त्यांचा साधा हिशेब. १९२७ मध्ये स्टॅनफर्डच्या एडवर्ड स्ट्राँग यांनी आवडीनिवडींची प्रश्नावली आणली. तुमची उत्तरं त्या त्या पेशात स्थिरावलेल्या लोकांच्या उत्तरांशी ताडून पाहिली जात.

हॉलंड यांनी भर घातली ती अशी, की स्वभाव फक्त माणसाला नसतो, वातावरणालाही असतो. आणि ते वातावरण तिथली माणसंच घडवतात. त्यामुळे महाविद्यालयातला एखादा विभागही या मापाने मोजता येऊ लागला. त्यांचे सहा गट षटकोनावर ओळीने येतात: हाताने काम करणारे, शोधक, कलाप्रेमी, माणसांत रमणारे, उद्यमी आणि शिस्तीत नोंदी ठेवणारे. शेजारचे गट एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे सर्वांत लांबचे. म्हणजे कलाप्रेमी मुलगी अकाउंट्सला गेली, तर ती थेट समोरच्या टोकाला पोचली. शोधक मुलगा मेकॅनिकलला गेला, तर मात्र शेजारच्याच घरी.

कागदावर हे फार देखणं दिसतं. आकडे तेवढे देखणे नाहीत. नोकरीतल्या समाधानावर झालेल्या अभ्यासांची एकत्र तपासणी केली, तेव्हा जुळणी (माणसाचा गट आणि कामाचा गट किती जुळतात) आणि समाधान यांचा सहसंबंध ०.२ च्या आसपास निघाला; शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण. माणसामाणसांच्या समाधानात जो फरक पडतो, त्यातला जेमतेम चार टक्के भाग जुळणीने समजतो. बाकीचा भाग शिकवणारे कसे आहेत, गुण किती पडतात, मित्र कोण, पुढे नोकरी दिसते का, अशा गोष्टींत वाटला जात असणार. २००७ मध्ये मार्गारेट नॉटा यांनी विद्यार्थ्यांच्या विषय-समाधानासाठी सहा विधानांची छोटी मोजपट्टी तयार केली, आणि नोकरदारांसाठीची मापं विद्यार्थ्यांना लावण्याची गरज कमी झाली. जुळणीचा जोर समाधानापेक्षा टिकून राहण्यात जास्त दिसतो, असं माझं वाचन आहे. आवडीशी जुळणारा विषय घेतलेले विद्यार्थी तोच विषय धरून राहण्याची आणि वेळेत पदवी घेण्याची शक्यता जास्त, हे अमेरिकी महाविद्यालयांतल्या मोठ्या अभ्यासांत आढळलं आहे.

पण हा सगळा डोलारा एका सोयीवर उभा आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवला तरी चालतो, आणि बदलताही येतो. नाही जुळलं तर बाहेर पडायला दार आहे.

महाराष्ट्रात राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. हेतू चांगलाच होता. मात्र चाचणीचा निकाल काहीही आला, तरी जागा मिळते ती गुणवत्ता यादीवर. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) पर्याय अर्ज भरताना घरात चर्चा होते ती गेल्या वर्षीच्या कट-ऑफची आणि ‘कॉम्प्युटर मिळेल का’ याची. नंतर ब्रँच बदलायची म्हटली, तरी आधी रिकामी जागा लागते आणि पहिल्या वर्षाचे गुणही.