साठ टक्के म्हणजे चांगलं की वाईट?

नाशिकच्या मुंबई नाक्याभोवती हॉस्पिटलांची इतकी दाटी आहे, की तिथल्या एखाद्या चहाच्या टपरीवर जरा थांबलं तरी कुणाच्या ना कुणाच्या हृदयाची चर्चा कानावर पडते. निफाडहून आलेला पुतण्या फोनवर घरी सांगत असतो, ‘‘तात्यांचं हृदय साठच टक्के चालतंय म्हणे.’’ पलीकडे रडारड सुरू. आणि त्या तात्यांच्या हृदयाचा पंप अगदी ठणठणीत असतो!

हा आकडा असतो टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचा, ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात आकुंचनाआधी साधारण १२० मिलिलिटर रक्त भरलेलं असतं आणि एका ठोक्याला त्यातलं सुमारे ७० मिलिलिटर बाहेर फेकलं जातं. भागाकार केला की येतात ५८ टक्के. कुणाचंच हृदय एका ठोक्यात पूर्ण रिकामं होत नाही, त्यामुळे इथे १०० पैकी १०० गुण कुणालाच मिळत नाहीत. ५५ ते ७० म्हणजे नॉर्मल. ४० किंवा त्याखाली गेला तर पंप कमजोर झाला असं डॉक्टर म्हणतात. मग पायांवर सूज, उताणं झोपलं की धाप, जिना चढताना दम अशी लक्षणं दिसू लागतात. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, पण फाईलवर हे शब्द असलेले कितीतरी लोक गोळ्या घेऊन वर्षानुवर्षं शेतावर जाऊन येतात. उलट, ईएफ ६० असूनही फेल्युअर असू शकतं. जुना बीपी आणि शुगर असलेल्या वयस्कर माणसांत हृदयाचे स्नायू ताठर होतात, कप्पा नीट भरतच नाही. जे थोडं भरतं त्यातलं ६० टक्के फेकलं तरी शरीराला ते पुरत नाही.

आता हाच ६० अँजिओग्राफीच्या कागदावर आला, तर त्याचा अर्थ पार बदलतो. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सरकवून हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये औषध सोडतात आणि एक्स-रेवर त्यांची सावली बघतात. शेजारच्या निरोगी भागाच्या तुलनेत सावली किती चिंचोळी झाली, ते ब्लॉकचे टक्के. हे टक्के व्यासाचे असतात, हे फारसं कुणी सांगत नाही. व्यास निम्मा झाला की रक्ताला जायची जागा निम्मी नाही, पावच उरते. ७० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये ती जेमतेम ९ टक्के राहते. तरीही बसल्याजागी त्या माणसाला काही जाणवत नाही, कारण पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. रामशेजचा गड चढायला घेतला की मात्र छातीत आवळतं. थांबलं की कमी होतं. हा अंजायना.

बरं, हा आकडा बहुतेक वेळा नजरेच्या अंदाजाने लिहिलेला असतो. एकाच चित्राला एक डॉक्टर ६० म्हणतील, दुसरे ७०. म्हणूनच मधल्या आकड्यांच्या ब्लॉकसाठी एफएफआर नावाची तपासणी आहे. एक बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेऊन दोन्ही बाजूंचा रक्तदाब मोजायचा. गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर तो ब्लॉक खरोखरच रक्त अडवतो आहे, असं धरतात.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ९० टक्के ब्लॉक म्हणजे अटॅक दारात उभा. अटॅक अनेकदा ४०-५० टक्क्यांच्या ब्लॉकमधूनही येतो. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा मऊ साठा असतो, त्यावर पातळ सायीसारखा पापुद्रा. तो फाटला की तिथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी बनते आणि वाहिनी बंद. दुखणं स्थिर असेल, तर ब्लॉक दिसला म्हणून बसवलेल्या स्टेंटने (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीने) पुढचा अटॅक टळतोच असं नाही. ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ५,१७९ स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. ज्यांना छातीत दुखत होतं, त्यांचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. मुख्य डाव्या धमनीत ब्लॉक असलेले आणि पंप फार कमजोर असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यांचं गणित वेगळं. पण बाकीच्यांना ‘आजच टाकून टाकू’ असं ऐकू आलं, तर ‘आठवडाभर औषधं घेऊन ठरवलं तर चालेल का?’ असं विचारायला संकोच कशाला?

चालू अटॅकमध्ये मात्र नेमकं उलटं. तिथे १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी पहिल्यांदा यशस्वी करून दाखवलेला, अरुंद वाहिनी आतून फुलवणारा फुगा (अँजिओप्लास्टी) आणि नंतर आलेला स्टेंट खरोखर हृदयाचा स्नायू वाचवतात, आणि दर मिनिट मोलाचं असतं. ईसीजीवर मोठा अटॅक दिसल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं, असा नियम आहे. सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरून घाट उतरून नाशिक गाठायचं म्हटलं की हा हिशेब लगेच पटतो. थेट शहराकडे गाडी दामटण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढणं किंवा १०८ बोलावणं शहाणपणाचं. मिसळ बाधली असेल म्हणून सोडा पीत घालवलेला तास कुठल्याही फुग्याने परत येत नाही.

याशिवाय आणखी एक ‘ब्लॉक’ आहे, त्याचा रक्तवाहिनीशी थेट संबंध नाही. हृदयाच्या वरच्या भागात वीज तयार होते आणि ठरलेल्या वाटेने खाली उतरते. ही वाट तुटली की हार्ट ब्लॉक. पूर्ण तुटली तर नाडी मिनिटाला ३०-४० वर येते, माणूस चक्कर येऊन पडतो. इथे सहसा स्टेंट उपयोगाचा नाही, पेसमेकर लागतो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासांतच बंद पडला, पण पुढे एकामागून एक यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत जगले. ईसीजीवरचा आरबीबीबी म्हणजे याच वाटेच्या उजव्या फाट्यातला अडथळा, आणि तो धडधाकट माणसातही सापडतो. एलबीबीबी, म्हणजे डाव्या फाट्यातला अडथळा, मात्र अधिक तपास मागतो. छातीत दुखत असताना तो नव्याने उमटला आहे की जुनाच आहे, हा तातडीच्या खोलीतला कळीचा प्रश्न ठरतो.

त्याचं उत्तर फक्त ईसीजीच्या जुन्या पट्टीत असतं. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणारा असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हात तापलेल्या गाडीत राहिला की दोन-चार वर्षांत रेषा पुसट होऊन कोरा पडतो. पट्टी हातात पडली त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून द्या.