ए-२ फ्लाइट जॅकेट

अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने १९३१ ते १९४३ या काळात वैमानिकांसाठी खरेदी केलेले कमरेपर्यंतचे चामडी जॅकेट. जुन्या लष्करी जॅकेटांच्या शौकिनांमध्ये बोलणे निघाले की पहिले नाव बहुधा याचेच येते.

याच्या आधीचे ए-१ (१९२७) पुढून बटणांचे होते आणि त्याची कॉलर लोकरी विणीची होती. ९ मे १९३१ रोजी ए-२ ला मान्यता मिळाली. बटणांच्या जागी चेन आली, कॉलर चामड्याची झाली आणि तिची टोके वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून खाली टिचबटणे बसवली गेली. खांद्यांवर हुद्द्याच्या खुणेसाठी पट्ट्या, पुढे झाकणाचे दोन खिसे, मनगट आणि कमरेला घट्ट लोकरी वीण. पाठ मात्र अखंड, एकाच कातड्याची, मधे शिवण नाही. या सपाट पाठीला पुढे फार महत्त्व आले. हात ऊबेला घालण्यासाठी बाजूचे खिसे नव्हते. बेतणी आखूड आणि अंगाबरोबर, त्यामुळे कॉकपिटमध्ये बसल्यावर पॅराशूटच्या पट्ट्यांखाली जॅकेट गोळा होत नसे.

बहुतेक जॅकेटे घोड्याच्या कातड्याची, काही बकरीच्या. घोड्याचे कातडे दाट पोताचे आणि चिवट असते. नवे असताना ते ताठर लागते, पण वापराने कोपराशी आणि खिशांच्या कडांशी मऊ पडते व घडीघडीला रंग उडून आतली तांबूस छटा दिसू लागते. प्रत्येकाच्या अंगाच्या सवयीप्रमाणे या घड्या वेगळ्या पडतात, म्हणूनच दोन जुनी ए-२ कधी सारखी दिसत नाहीत.

नवल म्हणजे, हे जॅकेट कागदोपत्री उन्हाळी होते. पंचवीस हजार फुटांवर, बिनतापवणीच्या बॉम्बफेकी विमानात पारा उणे चाळीसच्याही खाली जाई. तिथे ए-२ चा निभाव लागत नसे. त्यासाठी मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचे बी-३ आणि पुढे विजेवर तापणारे पोशाख होते. ए-२ ची खरी ओढ उबेमुळे नव्हतीच. हे जॅकेट अंगावर असणे म्हणजे हा माणूस उडणारा आहे, हे न सांगता कळणे. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर स्वतः वैमानिक नव्हते, तरी ए-२ घालत.

दुसऱ्या महायुद्धात त्या सपाट पाठीवर रंगकाम होऊ लागले. विमानाचे नाव, एखादी तरुणी, एखादा प्राणी, आणि पार पाडलेल्या प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बॉम्ब. इंग्लंडहून जर्मनीवर जाणाऱ्या तुकड्यांत सुरुवातीला पंचवीस मोहिमांनी पाळी संपे, म्हणून त्या ओळी मोजणाऱ्याला जीव वाचल्याचा हिशेबच समोर दिसतो. हे रंगकाम अंगाशीही येऊ शके. १९४३ च्या अखेरीस पकडल्या गेलेल्या एका अमेरिकी हवाई अधिकाऱ्याच्या पाठीवर त्याच्या विमानाचे ‘मर्डर इंक’ हे नाव होते. नाझी प्रचारयंत्रणेने त्याचे छायाचित्र छापून वैमानिक म्हणजे खुनी असा डांगोरा पिटला.

भारताशी या जॅकेटाचा संबंध खरा आहे. आसामातील चबुआसारख्या तळांवरून हिमालयाच्या पूर्व डोंगररांगा ओलांडून चीनमधील कुनमिंगला रसद नेणारे अमेरिकी वैमानिक ए-२ घालत. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीच्या ढालीच्या आकाराच्या बिल्ल्यावर चीनचा सूर्य आणि भारतासाठी तारा असे. असे बिल्ले इथल्या कारागिरांनी चामड्याचे रंगीत तुकडे जोडूनही बनवले, आणि संग्राहक आज त्यांना वेगळा मान देतात. शत्रूच्या मुलखात विमान पडलेच, तर स्थानिकांनी वैमानिकाला मदत करावी असे चिनी लिपीत सांगणारा फलकही काही जण जॅकेटावर शिवून घेत.

१९४३ मध्ये हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप आर्नोल्ड यांनी ए-२ ची पुढील खरेदी थांबवली. त्यांची पसंती कापडी जॅकेटांना होती. व्यवहार म्हणून निर्णय समजण्यासारखा आहे. ज्यांच्याकडे ए-२ होते त्यांनी मात्र ते सोडले नाही. नौदलाचे जी-१ ही याच सुमाराच्या परंपरेतले, पण त्याला फरची कॉलर आणि पाठीला चुण्या. अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ पुन्हा सुरू केले, या वेळी बकरीच्या कातड्याचे.

युद्धकाळात एअरो लेदर, रफ वेअर, डुबो अशा अनेक कारखान्यांनी एकाच आराखड्यावरून जॅकेटे शिवली, तरी कॉलरचा आकार आणि खिशांची ठेवण कंत्राटागणिक बदलली. जपानमधील बझ रिक्सन्स आणि रिअल मॅककॉइज, तसेच इंग्लंडमधील ईस्टमन या उत्पादकांनी हे फरक टिपून एकेका कंत्राटाच्या प्रतिकृती काढल्या. त्या उत्तम असतात, पण पाठीवरचे जुने रंगकाम कोणत्याही नव्या जॅकेटात आणता येत नाही.

मूळ जॅकेट पारखताना मानेमागचे विणलेले लेबल पाहावे. त्यावर प्रकार, आराखड्याचा क्रमांक ३०-१४१५, कंत्राट आणि उत्पादक असतो. चेन व लोकरी वीण मागाहून बदललेली असणे अगदी सामान्य आहे. कातडे हाताला लालसर भुकटी देऊ लागले, तर वनस्पतिजन्य कसाने कमावलेल्या चामड्याला होणारी ही कूज परतवता येत नाही. अशा जॅकेटाला तेल चोळू नये, तारेच्या हँगरवर टांगू नये, कोरड्या जागी पसरून ठेवावे.