बोला, पण उभे राहू नका

गोव्यातल्या दिवाडी बेटावर, मानशीवर (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारावर) आजोबा गरी म्हणजे गळ टाकून बसले की आम्हां पोरांची तोंडं बंद. "ओगी राव, नुस्तें पळटलें!" बोलण्याने मासा पळतो, हे मी चाळिशीपर्यंत खरं मानत आलो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, गोर गावाजवळ मताउरा नदीवर एक दिवस फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला पिसांची नकली माशी बांधून मासे पकडणं, शिकायला गेलो, तिथे हा समज मोडला. गाईड काठावर खुशाल मोठ्याने गप्पा मारत होता. मी उभा राहिलो की मात्र खांदा दाबून खाली बसवायचा. पाय आपटलेलाही त्याला चालत नसे.

आवाजाचं कारण सोपं आहे. हवेतला ध्वनी पाण्यावर आदळला की त्यातली हजारातला एक भाग एवढीच ऊर्जा आत शिरते. पावलांचा हादरा मात्र जमिनीतून थेट पाण्यात उतरतो आणि माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला, म्हणजे हादरे टिपणाऱ्या इंद्रियाला, जाणवतो.

खरी गंमत बसण्यात आहे. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, हे शाळेत झालंय. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. म्हणून अगदी क्षितिजालगत येणारा किरणसुद्धा पाण्यात शिरल्यावर लंबापासून 48.6 अंशांपेक्षा जास्त कलत नाही. म्हणजे माशाच्या डोक्यावरचं सगळं आकाश, या काठापासून त्या काठापर्यंत, 97 अंशांच्या एका शंकूत मावतं. या गोल झरोक्याला स्नेलची खिडकी म्हणतात. मासा एक मीटर खोल असेल तर खिडकी सव्वादोन मीटर रुंद. तो वर आला की ती लहान होते, कोन तोच राहतो. खिडकीबाहेर पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात नदीचा तळ दिसतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी 1906 साली पाण्याने भरलेल्या कॅमेऱ्यातून असं जग टिपून दाखवलं होतं. 'फिश-आय' हा शब्दही त्यांचाच.

आता हिशोब करा. 1.8 मीटर उंचीचा माणूस 10 मीटरवर उभा असेल, तर तो क्षितिजापासून सुमारे 10 अंश वर येतो. हे 10 अंश खिडकीच्या कडेला जेमतेम एका अंशात दाबले जातात. तोच माणूस उकिडवा बसून निम्मा झाला, तर 5 अंशांचा होतो पाव अंश, आणि त्या तिरप्या कोनातून येणारा निम्म्याहून जास्त प्रकाश पाण्यावरूनच परत फिरतो. माणूस जवळजवळ पुसलाच जातो.

गळाला बांधलेली पिसांची माशी ट्राउट माशाला कशी दिसते, हे मला सर्वांत सुंदर वाटतं. ती वाहत येत असते तेव्हा प्रथम दिसतात आरशात चमकणारे ठिपके: तिच्या पायांनी पाण्याच्या पडद्याला पाडलेल्या खळग्या. मग खिडकीच्या कडेवर पंखांची टोकं उगवतात, शरीरापासून तुटल्यासारखी, अधांतरी. माशी आणखी जवळ आल्यावरच दोन्ही तुकडे जुळतात. चांगली माशी बांधणारा पाय आणि पंख यांवर एवढी मेहनत का घेतो, ते इथे कळतं.

आपल्याकडे गरीला निघताना कुणी 'कुठे चाललात?' असं टोकलं की दिवस फुकट गेला म्हणतात. बिचाऱ्या शेजाऱ्याला उगाच दोष! मासा लागला नाही तर आधी आपली सावली कुठे पडली होती ते पाहावं.

पावसाळ्यात आमची मांडवी नदी गढूळ होते, तेव्हा या खिडकीचा उपयोग नाही. पण पणजीतल्या कांपालच्या तरणतलावावर सकाळी, पाणी हललेलं नसताना, चष्मा लावून तळाशी जा आणि उताणे होऊन वर पाहा. दोन मीटर खोलीवरून साडेचार मीटरचं उजेडाचं वर्तुळ दिसेल, आणि त्याच्या कडेला, वाकलेली आणि दबलेली, काठावर उभी असलेली माणसं.