कपाशीवरची पांढरी माशी आणि अर्धवट पूर्णविराम

चोपडा-यावलकडे कपाशीचं पान उलटून पाहिलं की मिलिमीटरभराची पांढरी माशी दिसते. ती उडून गेली तरी चिकटा पानावर राहतो. खरं तर ती माशीच नव्हे, माव्याची भावकी. आणि एकही नव्हे: ‘बेमिसिया तबासी’ या एका नावाखाली तीसहून अधिक जाती दडल्या आहेत. भिंगाखाली सगळ्या सारख्याच, पण औषधाला दाद देण्यात आणि विषाणू पसरवण्यात फरक. बांधावर काळी बाहुली टांगून यातली एकही हटत नाही. आधी ती कोणती हे ओळखावं लागतं, आणि ते कळतं मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, डीएनएवरून.

कीटक, कोळी, विंचू, खेकडे या संधिपादांत हा डीएनए बहुधा गोल असतो. साधारण १५-१६ हजार अक्षरं (ए, टी, जी, सी), ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ टी-आरएनएची (अमिनो आम्लं आणून देणारे रेणू), २ आर-आरएनएची (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे भाग). असे हजारो जीनोम, म्हणजे डीएनएचे पूर्ण क्रम, जेनबँक या सार्वजनिक साठ्यात खुले आहेत. तरी वेगळा, तपासलेला डेटाबेस लागतोच. गोल रेणू कुणी कॉक्स-१ या जनुकापासून मोजतो, कुणी दुसरीकडून. त्याच कॉक्स-१ ला कुणी सीओआय लिहितो. ही कामं किचकट, पण जमण्यासारखी. मला मोह पडतो तो जनुक कुठे संपतं या प्रश्नाचा.

रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचत जातो आणि टीएए हा पूर्णविराम आला की थांबतो (आरएनएत टी च्या जागी यू). इथे मात्र कित्येक जनुकांच्या शेवटी नुसता टी किंवा टीए असतो आणि लगेच टी-आरएनएचं जनुक सुरू होतं. आधी अनेक जनुकांची मिळून एकच लांब आरएनए प्रत निघते. तीतला टी-आरएनएचा भाग स्वतःभोवती दुमडतो. ती घडी ओळखून आरएनेझ-पी हे विकर (एन्झाइम) एका टोकाला कापतं, आरएनेझ-झेड दुसऱ्या. सुट्या झालेल्या संदेशाच्या शेवटी ‘ए’ची शेपटी जोडली जाते आणि टी पुढे दोन ए येऊन पूर्णविराम पुरा होतो! डीएनएत तो लिहिलेलाच नव्हता. १९८१ साली मानवी पेशींवरच्या कामातून हे उलगडलं.

संगणक मात्र डीएनएतच टीएए शोधत शेजारच्या जनुकात घुसतो आणि चुकीची लांबी नोंदवली जाते. म्हणून आधी २२ टी-आरएनएच्या घड्या शोधायच्या, मग प्रथिनांच्या जनुकांच्या हद्दी आखायच्या. शिवाय एरवी थांबा असलेलं टीजीए इथे थांबा नसून ट्रिप्टोफॅन, म्हणजे एक अमिनो आम्ल. नेहमीची सांकेतिक लिपी लावली तर धडधाकट जनुकही मोडकं दिसतं.

खरोखरच मोडकी जनुकंही असतात. पांढऱ्या माशीची ‘मीम-२’ ही वेगळी जात मानली गेली होती. २०१७ मध्ये दिसून आलं की तिचा आधार असलेला क्रम म्हणजे निकामी नक्कल, छद्मजनुक होतं. अशा वेळी मूळ कीटक हाताशी लागतो. म्हणून खान्देशातून नमुना पाठवायचा तर तो शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवून सोबत गाव, पीक आणि तारीख लिहावी, आणि त्याच झाडावरचे दोन-चार कीटक मागे जपून ठेवावेत.