सोचिमिल्कोच्या बागा तरंगत नाहीत

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत. त्यांतून 'त्राखिनेरा' म्हणतात त्या सपाट बुडाच्या, रंगीबेरंगी होड्या फिरतात. नावाडी वल्हं मारत नाही. तो उभा राहून लांब वासा तळाच्या गाळात रोवतो आणि होडी पुढे रेटतो. पाणी उथळ आहे म्हणून हे जमतं. काठावरच्या हिरव्या पट्ट्यांना पर्यटक तरंगत्या बागा म्हणतात. श्रीनगरच्या दल सरोवरातले काही भाजीचे वाफे खरोखर तरंगतात, होडीने ओढून दुसरीकडे नेताही येतात. सोचिमिल्कोचे 'चिनांपा' मात्र तळाला घट्ट धरून बसलेले आहेत. माझ्या मते त्यांची खरी कमाल त्यातच आहे.

उथळ सरोवरात खुंट रोवायचे, त्यांच्यामध्ये काटक्यांचा कूड विणायचा आणि आत पाणवनस्पती व गाळाचे थर चढवत न्यायचे. जमीन पाण्याच्या जराशी वर आली की कडेने आवेहोते नावाची झाडं लावायची. आपल्याकडे नदीकाठी दिसणाऱ्या वाळुंजाच्या कुळातलं हे झाड. त्याची मुळं काठ धरून ठेवतात आणि ते सरळसोट वाढत असल्यामुळे पिकावर फारशी सावली पडत नाही. पट्टा अरुंद ठेवतात, म्हणून दोन्ही बाजूंचं पाणी केशाकर्षणाने आतल्या मुळांपर्यंत झिरपतं. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पिकं गारठून करपू शकतात. पण दिवसभर तापलेलं कालव्याचं पाणी रात्री हळूहळू उष्णता सोडतं आणि थंडीचा कडाका कमी करतं. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान मोठ्या प्रमाणावर अशा शेतीवर जेवत होती.

रोपं तयार करण्याची रीत तर बघत राहावी अशी. शेतकरी कालव्यातला काळा गाळ उपसून वाफ्यावर पसरतो. तो थोडा आळला की सुरीने त्याच्या बर्फीसारख्या चौकोनी वड्या पाडतो. प्रत्येक वडीत बोटाने खळगा करून बी टाकायचं आणि वर सुकं खत भुरभुरायचं. बी रुजलं की वडीसकट रोप उचलून शेतात लावतात. मुळांना धक्का लागत नाही. पिकातून वाहून गेलेली पोषकद्रव्यं कालव्यात उतरतात, पाणवनस्पती ती शोषतात, कुजून पुन्हा गाळ होतात आणि तो गाळ परत वाफ्यावर येतो. पाण्यातून फिरायला ठेवलेली वाट हीच खताची कोठीसुद्धा.

ऑक्टोबरच्या शेवटाला इथले वाफे झेंडूने केशरी होतात, कारण 1 आणि 2 नोव्हेंबरला मेक्सिकोत पूर्वजांचं स्मरण करतात आणि त्यांच्या वेदीवर हीच फुलं वाहतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा याच देशातला. राजगिराही तिकडचाच.

आता जे सांगायचं ते सुखाचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या झऱ्यांचं पाणी जलवाहिनीने शहराकडे वळवलं. पुढे बेसुमार उपशाने झरे आटले, जमीन खचू लागली. आज कालव्यांत मुख्यतः शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं. 1987 साली जागतिक वारसा यादीत नाव गेलं, तरी अनेक वाफे पडीक आहेत, काहींवर घरं उभी राहिली आहेत.

या पाण्याची नाडी अॅक्सोलॉटलवरून कळते. हा उभयचर आयुष्यभर बाहेरचे कल्ले घेऊन पाण्यातच राहतो आणि त्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो. जगभरच्या प्रयोगशाळांत तो मुबलक आहे, रानात मात्र फक्त इथे. 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 अॅक्सोलॉटल होते, 2014 मध्ये 36. गढूळलेलं पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही मोठी कारणं.

म्हणून गाण्याबजावण्याच्या होडीऐवजी कुएमान्को धक्क्यावरून भल्या पहाटे एखाद्या शेतकऱ्याबरोबर निघावं. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अशा शेतकऱ्यांना हाताशी धरून काम करतात. चिनांपाच्या कडेच्या चरांच्या तोंडाशी ते गाळण्या बसवतात. त्यामुळे परके मासे आत येत नाहीत आणि पाणी निवळतं. त्या वाफ्यांवर रासायनिक औषधं मारायची नाहीत, असं ठरलेलं असतं. बंदिवासात वाढलेले 18 अॅक्सोलॉटल अशा सुधारलेल्या चरांत आणि शहरातल्या एका कृत्रिम पाणथळीत सोडल्याचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षणाच्या काळात ते सगळे जगले आणि जे पुन्हा हाती लागले त्यांचं वजन वाढलेलं होतं.