माउंटन बाइकच्या फ्रेमची भूमिती

डोंगरवाटा, दगडगोटे व तीव्र उतार यांसाठी बनवलेल्या सायकलीच्या फ्रेममधील नळ्यांचे कोन, त्यांची लांबी आणि दोन्ही चाकांच्या आसांची सापेक्ष स्थाने यांना एकत्रितपणे ‘भूमिती’ म्हणतात. हेड अँगल (हँडलखालच्या ‘हेड ट्यूब’ या नळीचा जमिनीशी होणारा कोन), सीट अँगल (सीटखालच्या नळीचा तसाच कोन), रीच व स्टॅक (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा आस बसतो तो भाग, तेथून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचे अनुक्रमे आडवे व उभे अंतर), चेनस्टेची (बॉटम ब्रॅकेटकडून मागच्या आसाकडे जाणाऱ्या नळीची) लांबी, बॉटम ब्रॅकेटची उंची आणि व्हीलबेस (दोन्ही आसांतील अंतर) ही तिची मुख्य मापे होत. फ्रेम पोलादाची, ॲल्युमिनियमची की कार्बनची, यापेक्षा सायकल उतारावर कशी वागेल हे या मापांवर अधिक अवलंबून असते.

उगमाचा वाद : डोंगरात सायकल नेण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८९७ मध्ये अमेरिकेच्या २५ व्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी माँटानातील मिझूलाहून सेंट लुइसपर्यंत सुमारे ३,००० किमी. सायकलींवर गेली. पॅरिसच्या परिसरात १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘व्हेलो क्रॉस क्लब पॅरिझियँ’च्या तरुणांनी ६५०बी या मापाच्या चाकांच्या सायकली फेरफार करून खडबडीत जमिनीवर पळवल्या. कॅलिफोर्नियात जॉन फिनले स्कॉट यांनी १९५३ च्या सुमारास जाड टायर, सपाट हँडल व गिअर असलेली ‘वुडसी’ सायकल तयार केली. क्युपर्टिनोच्या ‘मॉरो डर्ट क्लब’चे स्वार १९७४ मध्ये मिल व्हॅलीच्या शर्यतीत डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेऊन गिअर बदलणारे साधन) लावलेल्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतरले होते. कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूटच्या मंडळींनी १९७६ मध्ये पर्ल पास ओलांडून ॲस्पेन गाठले. इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स यांनी स्वतंत्रपणे वेगळ्याच धाटणीची सायकल विकसित केली.

तरीही उगमाचा मान बहुतेक अभ्यासक कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतील टॅमल्पाइस डोंगराच्या परिसराला देतात, आणि ते योग्य वाटते. इतरत्र प्रयोग झाले, पण त्यांतून कारखानदारी उभी राहिली नाही. मरीनमधल्या प्रयोगांपासून मात्र आजच्या सायकलीपर्यंत कारागिरांची साखळी अखंड दाखवता येते. फेअरफॅक्सजवळच्या वणवा-रस्त्यावर (वणवा विझवण्याच्या सोयीसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावर) २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सुमारे ३.४ किमी. अंतरात तो रस्ता जवळपास ४०० मी. खाली उतरतो. सायकली होत्या श्विन एक्सेल्सियरसारख्या १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या, जड, एकाच गिअरच्या. उलटे पॅडल मारले की मागच्या हबमधला ब्रेक लागे. एका उतरणीत तो हब एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले (‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे). तेथील विक्रम गॅरी फिशर यांच्या नावावर असून वेळ ४ मिनिटे २२ सेकंद आहे. जो ब्रीझ अवघे दोन सेकंद मागे राहिले.

ब्रीझ यांनी १९७७ मध्ये क्रोमोली या मिश्र पोलादाच्या नळ्यांपासून ‘ब्रीझर’ ही केवळ या कामासाठी आखलेली फ्रेम बांधली. ती आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिची ठेवण एक्सेल्सियरसारखीच होती : पुढचे चाक धरणारा फोर्क (कारागिरांच्या भाषेत चिमटा) पुढे पसरलेला, व्हीलबेस लांब. १९७९ मध्ये फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम घेऊन ‘माउंटनबाइक्स’ ही कंपनी काढली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली माउंटन बाइक म्हणजे स्पेशलाइज्डची ‘स्टंपजंपर’ (१९८१).

उभा कोन आणि पडता कोन : १९८० च्या दशकात उतरणीपेक्षा क्रॉस-कंट्री शर्यतींना महत्त्व आले. चढावर चपळ चालावी म्हणून फ्रेम रोड सायकलीच्या वळणावर गेली. हेड अँगल ७१ अंश, सीट अँगल ७३ अंश ही जोडी अमेरिकेतील ‘नॉर्बा’ या संघटनेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. सोबत १२० मिमी.हून लांब स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) आणि जेमतेम ५६०-५८० मिमी. रुंद हँडल. १९९० च्या आसपास रॉकशॉक्स कंपनीचा सस्पेंशन (धक्के शोषणारा) फोर्क बाजारात आला, तरी हे कोन फारसे हलले नाहीत. आजच्या ट्रेल बाइकचा (डोंगरवाटांवरील सर्वसाधारण माउंटन बाइकचा) हेड अँगल साधारण ६४ ते ६६ अंश, म्हणजे अधिक पडता असतो.

याचा परिणाम ‘ट्रेल’ नावाच्या मापात मोजता येतो. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला चाकाच्या स्पर्शबिंदूच्या थोडा पुढे टेकतो. या दोन बिंदूंतील अंतर म्हणजे ट्रेल. चाकाची त्रिज्या गुणिले हेड अँगलची कोज्या, त्यातून फोर्कचा ऑफसेट (स्टिअरिंगच्या अक्षापासून चाकाचा आस जितका पुढे असतो ते अंतर) वजा करून उरलेल्यास त्याच कोनाच्या ज्येने भागले की ते मिळते. २९ इंची चाकाची टायरसह त्रिज्या ३७० मिमी. धरू. ७१ अंश व ४६ मिमी. ऑफसेटला ट्रेल सुमारे ७९ मिमी. येतो, ६५ अंश व ४४ मिमी. ऑफसेटला १२४ मिमी. ट्रेल वाढला की चाक दगडावर आपटूनही सरळ राहू पाहते. उतारावर हाताला आधार मिळतो. याची किंमत चढावर मोजावी लागते. वेग मंदावला की पुढचे चाक आपोआप एका बाजूला कलते आणि अरुंद वाटेवर सायकल भरकटते.

म्हणूनच आजची भूमिती म्हणजे रीपॅकच्या सायकलींच्या पुढे पसरलेल्या ठेवणीकडे परतणे होय, हे प्रचलित मत अपुरे आहे. नुसता कोन पाडून सायकल सुधारत नाही. त्याबरोबर रीच वाढला, स्टेम आखूड झाला, सीट अँगल उभा झाला, म्हणून तो कोन पेलता आला. रीच समजण्यास ओळंबा पुरतो. सपाट जमिनीवर सायकल सरळ उभी धरून हेड ट्यूबच्या माथ्याच्या मध्यातून ओळंबा सोडावा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून त्या दोरीपर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. स्वार पॅडलवर उभा असताना त्याला मिळणारी जागा ती हीच. बसल्यावरचे गणित वेगळे आहे. स्टॅक ६२० मिमी. धरल्यास ४३० मिमी. रीच व ७३ अंश सीट अँगलची जुनी फ्रेम आणि ४७७ मिमी. रीच व ७७ अंशांची नवी फ्रेम बसलेल्या स्वाराला जवळपास सारखीच लांब लागते. उभे राहिल्यावर मात्र नवी फ्रेम पावणेपाच सेंटिमीटर अधिक जागा देते. शिवाय बसलेल्याचे वजन पुढे सरकल्याने चढावर पुढचे चाक जमीन धरून राहते. आखूड स्टेमच्या दिशेने गॅरी फिशर यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाअखेरीसच पाऊल टाकले होते; स्पेनच्या माँड्रेकरने २०१० नंतर लांब रीच व अत्यंत आखूड स्टेमची कल्पना टोकाला नेली. आज ३५-५० मिमी. स्टेम व ७६०-८०० मिमी. हँडल रूढ आहे.

सुटे भाग : काही भागांनी भूमितीला वाट करून दिली. सर्वांत मोठा वाटा ड्रॉपर सीटपोस्टचा. हँडलवरचा खटका दाबला की सीट खाली जाते. ब्रीझ यांनीच १९८० च्या दशकात जॉश एंजेल यांच्यासह सीट चालत्या सायकलीवर खाली-वर करू देणारी ‘हाइट-राइट’ ही स्प्रिंग काढली होती. २०१० च्या रॉकशॉक्सच्या ‘रिव्हर्ब’ या ड्रॉपरनंतर ड्रॉपर सर्रास दिसू लागला. सीट वाटेतून दूर करता आली नसती, तर तिला पुढे आणणारा उभा सीट अँगल उतारावर अडचणीचा ठरला असता. दुसरा वाटा पुढच्या (पॅडलजवळच्या) एकाच चक्राचा. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीच्या एक्सएक्स१ या गिअरसंचात मागे १० ते ४२ दात्यांची ११ चक्रे होती. पुढच्या चक्राचे आलटूनपालटून जाड-बारीक दाते चेन निसटू देत नाहीत. पुढचा डिरेलर गेल्याने बॉटम ब्रॅकेटमागची जागा मोकळी झाली व मोठे चाक, रुंद टायर आणि आखूड चेनस्टे एकत्र बसू लागले. १४८ मिमी. रुंदीचा ‘बूस्ट’ मागचा हबही याच सोयीसाठी.

चाकांचे मूळ माप २६ इंच (रिम ५५९ मिमी.) होते. २९ इंची चाकाची रिम रोड सायकलीचीच, ६२२ मिमी. आहे, तर २७.५ इंच म्हणून विकले जाणारे ५८४ मिमी. माप म्हणजे पॅरिसच्या त्या तरुणांचेच ६५०बी. पुढे २९ व मागे २७.५ ही मिश्र जोडणी २०१९ पासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत चालते.

भारतात : आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे झाली. मराठीत या प्रकाराला सरसकट ‘गिअरची सायकल’ म्हणतात. त्या नावाने मिळणाऱ्या स्वस्त सायकलींपैकी बऱ्याच अजून नॉर्बा-काळाच्या कोनांवर बेतलेल्या असतात. त्यांच्या फ्रेमचे माप सीट ट्यूबच्या लांबीवरून इंचांत सांगितले जाते. रीच सहसा छापलेला नसतो, तो ओळंब्यानेच काढावा लागतो.